न मागितलेलं व्याज

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सार्वजनिक मुतारी होती. तिच्या फरश्या, तिचा नळ आणि अधूनमधून मारला जाणारा चुना हे सगळं आमच्या अब्बांच्या व्याजातून झालेलं होतं. बँकेच्या खात्यावर जे काही व्याज पडे, ते अब्बा बाजूला काढत आणि मुतारीवर लावत. सुदाचा पैसा खायचा नाही, मशिदीला द्यायचा नाही, दान करून पुण्यही पदरात पाडून घ्यायचं नाही. घाणीतून आला तो घाणीतच घालायचा, असा त्यांचा सरळ हिशेब. माझी अम्मी म्हणायची, "पूरे मोहल्ले में हमाराइच पैसा है, जो सबके काम आता." गल्ली हसायची. अब्बा हसत नसत. व्याजाच्या बाबतीत त्यांना विनोद चालत नसे.

हे आधी सांगते, कारण पुढे याच माणसाने उमेदीची सगळी वर्षं व्याजाच्या खटल्यात घातली. आणि तेही दुसऱ्याच्या व्याजासाठी.

अब्बा ठेकेदार होते. ठेकेदार म्हटलं की लोकांना जीप, काळा चष्मा आणि साहेबांच्या केबिनमधला हशा आठवतो. आमच्याकडे एक जुनी मोटारसायकल होती, ती चढावर ढकलावी लागे. अब्बा गवंड्याचा मुलगा. जालन्यात निम्म्या जुन्या भिंतींना त्यांच्या वडलांचा हात लागलेला. स्वतः अब्बांनी धरणाच्या कामावर दगड रचत रचत सरकारी नोंदणी मिळवली आणि लहानसहान कामं घेऊ लागले. उर्दू ते सफाईने वाचत, मराठी अडखळत, आणि इंग्रजी कागद आला की माझ्याकडे सरकवत. मी मराठी शाळेत शिकले, पुढे बी.एड. करून शिक्षिका झाले. टेंडरं, खात्याची पत्रं, नंतर कोर्टाचे कागद हे सगळं त्यांनी माझ्या तोंडून ऐकलं. वाचून दाखवणाऱ्याला मत नसावं अशी त्यांची अपेक्षा होती. ती मी कधी पुरी केली नाही.

त्यांचे भागीदार म्हणजे काका. तीर्थपुरीच्या पलीकडच्या गावचे, काळ्या रानाचे मालक, आठ एकर एका तुकड्यात. धरणावर अब्बा मिस्तरी आणि काका मजुरांचे मुकादम, तिथली ही दोस्ती. काका अब्बांना शेवटपर्यंत "मिस्तरी"च म्हणाले आणि अब्बा त्यांना "पाटील". ईदला काका शीरखुर्म्याला यायचे आणि दोन वाट्या झाल्यावर म्हणायचे, "आता घरच्यासाठी डब्यात द्या, न्हाई तर आमची मंडळी मला घरात घेणार न्हाई." पोळ्याला अब्बा त्यांच्या गावी जायचे आणि पुरणपोळी खाऊन येताना रस्त्यात झोप येते म्हणून मोटारसायकल ढकलत आणायचे.

भागीदारीला कागद नव्हता. नाव आणि नोंदणी अब्बांची, भांडवल काकांचं. त्यासाठी काकांनी आपली आठ एकर बँकेत तारण टाकली. कर्ज काकांच्या नावावर, तेव्हा व्याज भरण्याचा दोषही काकांच्या खात्यात, अशी अब्बांनी मनाची समजूत घालून घेतली होती. मी एकदा म्हटलं, "अब्बा, पावसात दुसऱ्याच्या छत्रीखाली उभं राहायचं आणि छत्री माझी नव्हती म्हणायचं, यातला हा प्रकार." ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

जालना जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. वडीगोद्रीच्या पुढे कालव्याच्या एका तुकड्याचं काम निघालं, खोदाई आणि दोन-चार मोऱ्या, म्हणजे कालव्यावरचे छोटे पूल. अब्बांनी इतकं मोठं काम त्याआधी घेतलं नव्हतं. टेंडरात लिहिलं होतं की खाली मुरूम आहे. कमरेइतकं खोदलं आणि काळा पाषाण लागला. पहारी वाकल्या. साहेब जीपमधून आले, खडकावर हात ठेवून पाहिला, म्हणाले, "खडकच आहे. पण काम थांबवू नका, पाणी सोडायची घाई आहे वरून. शेवटच्या बिलात बघू." काकांनी त्यांच्यासाठी कोंबडी कापली. जेवणाऱ्या माणसाकडे लिहून मागायचं, हे दोघांनाही सुचलं नाही. सुचलं असतं तरी जमलं नसतं. भाड्याने कॉम्प्रेसर आणला, सुरुंग लावले, खडक फोडला, मोऱ्या बांधल्या. त्यातली एक मोरी अजून बघावी इतकी देखणी आहे.

शेवटच्या बिलापर्यंत साहेबाची बदली झाली होती. नव्या साहेबाने कागद पाहिले आणि मुरमाचा दर लावला. त्याने खडक पाहिलाच नव्हता, आणि दाखवायला आता खडक उरलाही नव्हता. तो आम्हीच फोडून टाकला होता.

करारात लवादाचं कलम होतं. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंचं ऐकून निवाडा देणारा तिऱ्हाईत. कोर्टात जाण्यापेक्षा हे लवकर उरकतं, असं जालन्याच्या वकिलांनी सांगितलं. त्यांनी मागण्या टाइप करून आणल्या आणि त्यांच्या बैठकीत मी त्या एकेक करून वाचल्या. खडकाचा फरक. कॉम्प्रेसरचं बुडीत भाडं. अडकलेलं डिपॉझिट. शेवटची ओळ होती, या सगळ्यावर रक्कम हाती येईपर्यंत व्याज.

"ये क्या है?" अब्बांनी विचारलं.

"सूद."

त्यांनी वकिलांच्या टेबलावरचं पेन उचललं, ती ओळ आडवी खोडली आणि समासात उर्दूत छोटी सही केली. वकील म्हणाले, "मिस्तरी, हात दाखवून अवलक्षण करू नका. हे व्याज नका समजू, उशिराची भरपाई समजा." अब्बा काकांकडे वळले. "पाटील, ह्ये माझ्या तोंडानं मागवणार न्हाई. मुद्दल आली की पहिले तुमची जमीन सोडवू. कमी पडलं तर माझा वाटा बी त्यात घाला."

काकांनी पान लावता लावता मान हलवली. "असू द्या. सालभरात निकाल लागंल. मुद्दलीत बराबर भागतंय."

त्या दिवशी ते खरंच भागत होतं. बँकेचं देणं आणि आमचं येणं तेव्हा जवळपास सारखंच होतं. पण बँक थांबत नाही आणि सरकारला कसली घाई नाही, एवढं कळायला बी.एड. लागत नाही. मी म्हटलं, "काका, तुम्ही तरी बोला." काका म्हणाले, "पोरी, तुझ्या अब्बाची एक वीट मी कधी वाकडी बघितली न्हाई. मंग आज त्याला वाकडं चाल म्हणू का?" दोन सज्जन माणसं समोरासमोर बसली की तिसऱ्याचं रक्त आटतं, हे मी त्या बैठकीत शिकले.

सालभर कसलं! लवाद म्हणून निवृत्त इंजिनिअर नेमले होते, माणूस चांगला. पण कधी त्यांची तब्येत बरी नसे, कधी खात्याचा माणूस येत नसे, कधी आलेला माणूस फाइल विसरून येत असे. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात आम्ही तिघं बसायचो आणि खानसामा आमच्याकडे बघून आज साहेब येणार नाहीत हे खुणेनेच सांगायचा. बँकेची पत्रं काकांच्या घरी पडत होती. काका ती घेऊन यायचे आणि चहा पिताना बशीखाली ठेवायचे.

शेवटी निवाडा आला. खडक हा खडकच होता, असं लवादांनी लिहिलं. आणि शेवटच्या परिच्छेदात असं की, ठेकेदाराचे पैसे इतका काळ विनाकारण अडवून ठेवले, तेव्हा लवाद चालू होता त्या सगळ्या काळाचं व्याज द्यावं. मागितलं कुणी नव्हतं. त्या म्हाताऱ्या इंजिनिअरला आपणहून वाटलं, त्याने दिलं.

"मैंने तो माँग्याच नै," अब्बा म्हणाले. चोरी पकडली गेल्यावर माणसाचा होतो तसा चेहरा झाला होता.

काका पेढे घेऊन आले. "मागून भीक मिळत न्हाई म्हणतात, इथं न मागता मोती मिळाला, मिस्तरी." त्यांना इतकं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही. त्यांचा आनंद खरा होता, कारण एव्हाना बँकेचा आकडा इतका फुगला होता की नुसत्या मुद्दलीत जमीन सुटणार नव्हती. आता त्यांची आठ एकर त्या व्याजावर टांगलेली होती आणि हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

अब्बांनी कुणा जाणत्या मौलवीला विचारलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं, आणि मिळालेलं उत्तर पाळावं लागतं. त्यांनी स्वतःशीच ठरवलं की व्याजाची रक्कम कोर्टातून थेट काकांच्या बँकेत जाईल, आपल्या हातातून जाणार नाही. "मेरे कू छूना भी नै," ते म्हणाले. अम्मी म्हणाली, "छूने कू पहले आने तो देव." तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

त्या काळी लवादाच्या निवाड्यावर कोर्टाचं शिक्कामोर्तब व्हावं लागे, त्याशिवाय तो निव्वळ कागद. खात्याने जालन्याच्या कोर्टात सगळ्यावरच हरकत घेतली. खडक नव्हताच, असं पुन्हा सांगितलं. त्यात काही वर्षं गेली आणि कोर्टाने आमच्या बाजूने हुकूमनामा दिला, व्याजासकट. मग खात्याने मुद्दल तेवढी भरली आणि नुसत्या व्याजाविरुद्ध औरंगाबादला वरच्या कोर्टात अपील केलं. खात्याच्या एका कारकुनाने मला शहाणपण शिकवलं होतं, "मॅडम, मुद्दल दिली तर कुणी विचारत नाही. व्याज दिलं की ऑडिटवाले विचारतात, उशीर कुणी केला? म्हणून व्याज लढवायचंच." मी त्याला म्हटलं, "मग उशीर कुणी केला?" तो हसला आणि त्याने पंखा वाढवला.

मुद्दल आली तशी गेली. मजुरांची बाकी, कॉम्प्रेसरवाला, वकील. उरलेली सगळीच्या सगळी, अब्बांच्या वाट्यासकट, काकांनी बँकेत भरली. बँकेने ती आधी व्याजात जमा करून घेतली आणि मुद्दल होती तशीच ठेवली. नियम तसा आहे म्हणाले. काका घरी आले आणि म्हणाले, "मिस्तरी, बँकेला तुमच्यासारखं पथ्य न्हाई बघा. ती पहिला घास व्याजाचाच घेती." हसत म्हणाले. अब्बांनी मान खाली घातली.

मग औरंगाबादच्या खेपा. सकाळची बस, तिघंजण, डब्यात अम्मीच्या पोळ्या. कोर्टात आमचं प्रकरण यादीत असायचं आणि संध्याकाळपर्यंत पुकारलं जायचं नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ज्याची जमीन वर अडकली आहे त्याने पायरी चढू नये तर काय करावं, ते या म्हणीत सांगितलेलं नाही.

खात्याचे मुद्दे दोन होते. पहिला: ठेकेदाराने व्याज मागितलंच नव्हतं; मागणीपत्रातली ओळ त्याने स्वतः खोडली, बाजूला त्याची सही आहे; न मागितलेलं देणारा लवाद कोण? दुसरा: मागितलं असतं तरी लवाद चालू असतानाच्या काळाचं व्याज देण्याचा लवादाला अधिकारच नाही, दिल्लीहून सुप्रीम कोर्टाचा तसा निकाल आलेला आहे. आमचे तिथले वकील तरुण होते, घाईत असत. त्यांनी दुसऱ्या मुद्द्यावर हात झटकले. "तो कायद्याचा प्रश्न आहे, त्यावर मी बोलेन. माझी अडचण ती खोडलेली ओळ आहे. त्यावर तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल. एक पानाचं."

ते पान त्यांनी टाइप करून दिलं. कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये मी ते अब्बांना वाचून दाखवलं. सदर ओळ माझ्याकडून नजरचुकीने खोडली गेली, व्याजाचा हक्क सोडण्याचा माझा कधीही इरादा नव्हता, हे मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो.

अब्बा म्हणाले, "फिर से पढ़."

मी पुन्हा वाचलं. काका उठले. "मी चहाचं बघतो," म्हणाले आणि काउंटरकडे गेले. चहा आमच्या समोरच होता, तिन्ही कप भरलेले. सही करा असं त्यांच्याने म्हणवत नव्हतं आणि करू नका म्हणण्याइतकी जमीन त्यांना स्वस्त नव्हती. काउंटरशी पाठ करून ते कितीतरी वेळ बिस्किटांच्या बरण्या बघत उभे राहिले.

मी म्हटलं, सही करा. आजही तेच म्हणेन. एका ओळीपायी एका माणसाचं घर उठत असेल तर खोटं बोलावं, असं माझं मत तेव्हा होतं आणि अजूनही आहे. पण शपथ माझी नव्हती. अब्बांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. महिनाभर तो त्यांच्या सदऱ्यातच होता. सदरा धुवायला टाकताना ते तो काढत आणि दुसऱ्या सदऱ्यात घालत. अम्मीने विचारलं नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना अशी त्या माणसाची गत झाली होती, आणि आम्ही सगळे आपापल्या कामाला लागलो होतो.

मग एका तारखेला, मला आणि काकांना काही न सांगता, ते शपथ देणाऱ्या कारकुनासमोर जाऊन उभे राहिले. मी धावत गेले तोवर कारकून नेहमीच्या सुरात विचारत होता, "यातला मजकूर खरा आहे, समजून सही करताय?" अब्बा म्हणाले, "हो." इतकं हळू, की त्याने मान वर करून पुन्हा विचारलं. त्यांना ते दोनदा म्हणावं लागलं.

परतीच्या बसमध्ये मागे तिघांची जागा रिकामी होती. अब्बा पुढे जाऊन एका अनोळखी माणसाशेजारी बसले.

आमच्या मोहल्ल्यात निकाह असला की साक्षीदार म्हणून अब्बांना हमखास बोलावणं येई. निकाहाला शहाणे-समजूतदार गवाह लागतात आणि अब्बांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं लोक मानायचे. त्या प्रतिज्ञापत्रानंतर त्यांनी गवाह होणं सोडलं. कुणी आलं की म्हणत, "मेरी गवाही नको, दूसरे कू लेव." लोकांना वाटलं, कोर्टकचेरीत माणूस कडवट झाला. पुढे माझा निकाह झाला, तेव्हा निकाहातला वकील, म्हणजे नवरीची संमती विचारून सभेत सांगणारा, म्हणून अब्बांनी यायचं होतं. पडदा सरकला आणि आत मामू आले. मी हो म्हणाले खरी, पण मला मामूंच्या खांद्यावरून दारापर्यंत बघत राहावं लागलं. अब्बा बाहेर बिर्याणीच्या देगीपाशी उभे होते. त्या दिवशी मी त्यांच्यावर चिडले होते. लग्नाच्या दिवशी मुलीने बापावर चिडू नये, पण मी चिडले होते आणि रडलेही त्याच रागाने.

निकाल लागला तेव्हा प्रत माझ्या हातात आली. वरच्या कोर्टाने व्याज रद्द केलं होतं. कारण दुसरं: लवादाला तो अधिकारच नव्हता. आणि त्यापुढे एक वाक्य होतं की, या निष्कर्षामुळे पहिल्या मुद्द्याचा, म्हणजे खोडलेल्या ओळीचा, विचार करण्याची गरज उरत नाही. मी ती प्रत पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटीपालटी केली. अब्बांच्या प्रतिज्ञापत्राचा उल्लेख कुठेही नव्हता. ते कुणी वाचलंच नव्हतं.

दिल्लीला जायचं तर पैसे हवेत, आणि पैसे होते कुठे? बँकेने दवंडी पिटवली. काकांच्या गावात, काकांच्या दारासमोरून. बांधाजवळून आमच्याच कालव्याची चारी गेली होती, ओलिताखालची जमीन म्हणून बोली चांगली चढली, असं नंतर कुणीतरी कौतुकाने सांगितलं. जमीन परगावच्या माणसाने घेतली. काका आणि काकू जालन्यात मुलाकडे राहायला आले. मुलगा लोखंडाच्या कारखान्यात कामाला होता, भाड्याच्या दोन खोल्या होत्या. काकांनी एका गोदामावर राखणीचं काम धरलं.

आता काका आमच्यापासून सायकलच्या अंतरावर होते आणि ईदला येईनासे झाले. पहिल्या ईदला मीच डबा घेऊन गेले. त्यांनी डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला, परत लावलं.

"अब्बा वाट बघत होते," मी म्हणाले.

"पोरी, जमीन गेली त्याचं मी कुणापुढं बी बोलू शकतो. गेली, बाजारात मोकळं सांगतो. पण मिस्तरीनं माझ्यापायी जबान खराब केली. ते कुणापुढं बोलू? त्यांच्यापुढं जाऊन बसलो की दोघाला तेच आठवंल."

"तुम्ही सांगितलं नव्हतं त्यांना."

"न्हाई सांगितलं. आन अडवलं बी न्हाई."

अब्बांना मी म्हटलं, तुम्ही जा. ते म्हणाले, "क्या मुँह ले के जाऊँ? खेत तो मेरी लकीर से गया." जमीन लवादाला अधिकार नव्हता म्हणून गेली, तुमच्या रेघेमुळे नाही, हे मी त्यांना निकालपत्र उघडून वाचून दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी. एका गावात दोन म्हातारे, एकमेकांच्या उपकाराखाली दबून, एकमेकांचं तोंड चुकवत राहिले. मला दोघांनाही एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावीशी वाटे.

बरीच वर्षं गेली. आमचे जालन्याचे जुने वकील एकदा शाळेत नातीच्या प्रवेशासाठी आले. निघताना म्हणाले, "मिस्तरींचं ते व्याजाचं प्रकरण आठवतं. दिल्लीच्या मोठ्या पीठाने तो जुना निकाल कधीच फिरवला. लवादाला अधिकार आहे म्हणाले. आपलं काम तेवढं आधी निघालं. चालू असतं तर टिकलं असतं."

"आणि ती खोडलेली ओळ?"

"ती मग कोर्टाने बघितली असती. प्रतिज्ञापत्र कामाला आलं असतं की."

बैल गेला अन् झोपा केला, एवढंच मी म्हणाले. नातीला प्रवेश दिला.

घरी येऊन मी हे सांगायला नको होतं, पण न सांगता राहवलं नाही. अब्बांना आता कमी दिसत होतं, ऐकू मात्र नीट यायचं. त्यांनी व्याजाचं काही विचारलं नाही. म्हणाले, "वो क़सम वापस लेने आती क्या?"

मी दुसऱ्या दिवशी वकिलांकडे गेले. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "कशातून मागे घेणार, बाई? प्रकरणच उरलेलं नाही. आणि कुणी वाचलं नाही, कुणाचं नुकसान झालं नाही. त्यांना म्हणावं, सोडून द्या."

मी तसंच सांगितलं. कुणी वाचलं नाही, हे ऐकून त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. थोड्या वेळाने म्हणाले, "पाटील कू मत बोल. मिलता था करके मालूम हुआ, तो और टूटेगा." मी कबूल केलं आणि तो शब्द पाळला.

काका त्याच थंडीत गेले. गोदामावर पहाटे बसल्या जागी. अब्बा म्हणाले, मला ने. मी रिक्षा केली. स्मशानभूमीच्या फाटकाबाहेर मी रिक्षात बसून राहिले आणि काकांचा मुलगा अब्बांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेला. आपल्याकडे अग्नी दिल्यावर चार माणसं मृताविषयी दोन शब्द बोलतात. गावाकडून आलेले एक-दोघं बोलले. एक पुढारी बोलला, ज्याने काकांना बहुतेक पाहिलंही नसेल. काकांच्या कष्टांबद्दल तो बराच वेळ बोलला. मग मुलाने म्हटलेलं मला कमरेएवढ्या भिंतीवरून ऐकू आलं, "आता बापूंचे सगळ्यात जुने मित्र दोन शब्द सांगतील."

अब्बा पुढे झाले. काठी टेकून उभे राहिले.

"मला बोलवू नका," ते मराठीत म्हणाले. "माझ्या बोलण्याला किंमत होती, ती मी पाटलासाठीच खर्चून बसलो. आता मी पाटलाबद्दल चांगलं बोललो, तर ते बी खोटं वाटंल."

लोक म्हणाले, म्हाताऱ्याला गहिवर आला. दोघांनी त्यांना धरून बाकावर बसवलं, पाणी दिलं. त्यांना गहिवर आला नव्हता. त्यांना तसंच वाटत होतं, आणि ते खोडून काढणारा एकच माणूस होता, तो समोर जळत होता.